डागाळलेल्या भिंगाचा धडा

तेजस्वी ताऱ्याच्या छायाचित्रात कधी कधी एक फिकट चकती उमटते. आकाशात ती नसतेच! काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. फिल्टरच्या आत असा दोनदा उलटलेला ०.१६ टक्के प्रकाश ही भूतप्रतिमा घडवतो. अंधूक तेजोमेघ झाकायला तो पुरतो.

१८९० च्या दशकारंभी इंग्रज भिंगकार डेनिस टेलर यांच्या ध्यानात आले, की दुर्बिणीची डागाळलेली भिंगे अधिक प्रकाश पार सोडतात. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात काचेवर पातळ लेप चढवण्याची रीत काढली. लेपाची जाडी त्यातील तरंगलांबीच्या पावपट असली, की दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग एकमेकांना बरेचसे पुसतात.

परावर्तन १ टक्क्यावर आणले, तर भूत किती फिकट होईल? विद्यार्थ्यांना गणित करू द्या. उत्तर चारपट नव्हे, सोळापट!