गंगावन, लाकडी उशी आणि साटीनचा अभ्रा



लग्नसराई आली की हल्ली नवरीच काय, करवल्या आणि वरमाईसुद्धा हेअर एक्स्टेन्शन लावून घेतात. पार्लरवाली तास-दोन तासांत पाठभर केस करून देते. अडचण येते ती रात्री. हे केस घेऊन झोपायचं कसं? ज्याला विचारावं तो एकच सांगतो, रेशमी अभ्रा घ्या, रेशमी टोपी घाला. आणि आपल्यापैकी अनेकींचं घोडं तिथेच अडतं, कारण आत किडा असतानाच कोसला उकळून रेशमाचा धागा काढतात, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे रेशमाचं नाव न घेता बायकांनी आजवर काय केलं, याचा मी थोडा शोध घेतला. उसने केस लावून झोपणारी बाई काही आजची नाही. तिला तीन हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे.

सुरुवात इजिप्तपासून करू. तिथे 1906 साली खा नावाच्या माणसाची आणि त्याच्या बायकोची, मेरितची कबर उघडली गेली. दोघं इ. स. पू. 1400 च्या आसपासची. कबरीत मेरितचा माणसाच्या केसांचा टोप होताच, शिवाय तो ठेवायची उंच लाकडी पेटीही होती. आज या वस्तू इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहेत. केस डोक्यावरून उतरले की त्यांना स्वतःची जागा हवी, ही समज तेव्हाही होती.

पण सगळेच केस उतरवता येत नाहीत. इजिप्तमध्येच अमार्ना इथल्या उत्खननात एका स्त्रीच्या कवटीवर सुमारे 70 जोडकेस बांधलेले सापडले, वेगवेगळ्या थरांत आणि उंचीवर. 2014 साली ही बातमी जगभर गाजली. ही स्त्री सुमारे 3,300 वर्षांपूर्वीची. त्या काळी तिथे लाकडाची किंवा दगडाची अर्धगोल उशी वापरत, खालून खांब असलेली. तुतनखामेनच्या कबरीतही अशा उशा निघाल्या. तिच्यावर डोक्याचा मागचा भाग आणि मान टेकते, बाकी केस मोकळे लोंबतात, अंथरुणाला घासत नाहीत. आपल्याला ती बघूनच मान अवघडल्यासारखी वाटते, पण केसांच्या दृष्टीने सोय उत्तम.

जपानमध्ये एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, असंच काहीसं होतं. तेल-मेण लावून घातलेला भला मोठा अंबाडा रोज सोडत नसत, दिवसेंदिवस तसाच ठेवत. त्याला भर यावा म्हणून ‘कामोजी’ नावाचे जोडकेस आत घालत. झोपताना लाकडी पेटीवर छोटी लोडासारखी गुंडाळी बांधलेली उशी मानेखाली घेत. तेल लागू नये म्हणून वर कागद गुंडाळत, मळला की बदलत. क्योटो शहरात तर बायकांचे गळलेले केस विकत घेत दारोदार फिरणाऱ्या बायका होत्या. हे वाचलं आणि मला आपल्याकडची ‘केसांवर फुगे’ ही आरोळी आठवली. फणीत अडकलेले केस भिंतीच्या फटीत गुंडाळून ठेवायचे आणि फुगेवाला आला की द्यायचे, हे आपल्यातल्या कितीजणींनी केलं असेल!

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे या वस्तूला केवढा छान शब्द आहे: गंगावन. वेणी लांब आणि जाड दिसावी म्हणून पेडांमध्ये गुंफायचा केसांचा झुबका. जुन्या काळी तो वनगाईच्या, म्हणजे याकच्या शेपटीच्या केसांचा असे. देवापुढे ढाळायची चवरीही याच केसांची. आठ प्रातिहार्यांमध्ये भगवंतांच्या दोन्ही बाजूंना जी चामरं आपण मूर्तीशेजारी पाहतो, ती याच जातीची. हिमालयापलीकडच्या जनावराचे केस व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून इकडे आले, देवळात चवरी झाले आणि घरात गंगावन. पुढे माणसाच्या केसांची आणि मग कृत्रिम धाग्याची गंगावनं आली, शब्द मात्र तोच राहिला.

गंगावनाची रात्रीची रीत सोपी होती, कारण ते रोज निघायचं. माझी आजी रात्रीची आवराआवर झाली की वेणी सोडायची, गंगावन काढायची, टोकाकडून वर विंचरायची, मग गुंडाळून जुन्या लुगड्याच्या पिशवीत घालून फडताळात ठेवायची. स्वतःच्या केसांची सैल तिपेडी वेणी घालूनच ती पडायची. आम्ही मुली केस मोकळे सोडून झोपलो तर ‘सकाळी गुंता तूच काढ’ म्हणायची. तिला रेशमी अभ्रा कधी लागला नाही. उसने केस उशीपर्यंत जातच नव्हते, तर लागेल कशाला?

खरा बदल झाला तो केस न निघणारे झाले तेव्हा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार बाईंनी जोडकेस बारीक वेण्यांवर शिवून बसवायची पद्धत काढली. 1952 साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. आधी टोप सरकायचा, जड व्हायचा. आता केस आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहू लागले. म्हणजे त्यांच्यासकट झोपणं आलंच. आफ्रिकन-अमेरिकन घरांत बायका रात्री डोक्याला फडकं बांधत, टोपी घालत. हीच सवय जोडकेसांच्याही कामी आली. आज बाजारात जी साटीनची झोपायची टोपी मिळते तिच्यामागे या बायकांच्या कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. ती आयती हातात आल्यावर त्यांची आठवण ठेवायला हवी.

आता रेशमाचा प्रश्न. केसावर अगदी बारीक खवले असतात, कौलांसारखे, मुळाकडून टोकाकडे. सुती अभ्रा खरखरीत असतो. कुशीवर वळलं की हे खवले त्याला अडकतात, केस एकमेकांत गुंततात. शिवाय सूत तेल आणि ओलावा शोषून घेतं. आपल्या केसांना टाळूचं तेल मिळत राहतं, उसन्यांना ते कुठून मिळणार? म्हणून ते लवकर रुक्ष होतात.

हे केस आले कुठून, यावरही त्यांचं वागणं ठरतं. तिरुपतीला मुंडन करून वाहिलेल्या केसांसारखे एकाच वेळी उतरवलेले केस मूळ एकीकडे, टोक एकीकडे असे जुळवून ठेवता येतात. फणीतून गोळा केलेले केस उलटसुलट असतात. त्यांचे खवले एकमेकांत अडकतात, म्हणून कारखान्यात ते खवले काढून वर गुळगुळीत लेप देतात. काही धुण्यांनंतर लेप जातो आणि मग रोज सकाळी गुंता. विकत घेताना हे विचारून घ्यावं, रात्रीचा त्रास निम्मा होतो.

तर मुद्दा असा की केसांना रेशीम नको असतं, गुळगुळीतपणा हवा असतो. साटीन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं नाव आहे. या विणीत धागे पृष्ठभागावर लांब-लांब मोकळे राहतात, म्हणून कापड चमकतं आणि हात घसरतो. पूर्वी ते रेशमाचं विणत. आज पॉलिएस्टरचं साटीन कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतं. उकाड्यात ते गरम होतं हे खरं. तसं वाटलं तर सुती धाग्याचीच साटीन वीण असलेलं कापड मागा. अभ्रा घरी शिवून होतो. आपल्याकडे कुणी लग्नात पैठणी नेसते, कुणी रेशीम पूर्ण सोडलं आहे. तो ज्याच्या त्याच्या नियमाचा भाग. पण ज्या बायकांनी रेशमाचा त्याग केला आहे त्यांनी केवळ केसांसाठी तो मोडायचं काही कारण नाही.

इतक्या सगळ्यांकडून जे शिकले ते थोडक्यात सांगते.

क्लिपचे केस असतील तर आजीची रीत: रोज रात्री काढा, विंचरा, पिशवीत ठेवा. क्लिपांसह झोपलं की मुळांना ओढ बसते.

शिवलेले किंवा चिकटवलेले असतील तर ओले ठेवून कधीच झोपू नका. मुळाशी ओलावा राहिला की वास येतो, खाज सुटते. गुंता टोकाकडून काढत वर जा, एका हाताने मुळं धरून. मग एक किंवा दोन सैल वेण्या, साटीनची टोपी किंवा अभ्रा. खोबरेल फक्त टोकांना. चिकटवलेल्या जागी तेल गेलं की पकड सुटते. कपाळाकडचे केस ओढले जात असतील, दुखत असेल, पुळ्या येत असतील, तर केस उतरवा. सततच्या ओढीने गेलेले केस काही वेळा परत येत नाहीत.

आपल्या आर्यिका माताजी स्वतःच्या हाताने केशलोच करतात. आपण श्राविका, घरसंसारातल्या, आपल्याला सणावाराला नटावंसं वाटणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वस्तू कशापासून झाली हे विचारून घेतलं आणि तिच्यापायी कुणा जीवाला व आपल्या शरीराला त्रास होणार नाही एवढं पाहिलं, तर तो आपल्या परीने यत्नाचारच झाला.

तुमच्या घरी जुनं गंगावन असेल तर ते कशाचं आहे, कशात ठेवत असत, हे घरातल्या मोठ्या बायकांना विचारून मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.