सैनिकी रुग्णालयांतील ॲक्युपंक्चर आणि सजगता-साधना : एका जोडउपचाराचा इतिहास

युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या मनाची जखम वैद्यकशास्त्राला फार उशिरा दिसू लागली, आणि दिसल्यावरही तिला शरीराच्या एखाद्या व्याधीचे नाव देण्याकडेच दीर्घकाळ कल राहिला. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांना जडलेली धडधड, धाप आणि थकवा यांचा अभ्यास करून डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्या अवस्थेला हृदयाचा विकार म्हणून मांडले. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली, कारण तोफगोळ्यांच्या स्फोटांनी मज्जासंस्था हादरते, असा तेव्हा समज होता. दुसऱ्या महायुद्धात हीच अवस्था 'लढाईचा शिणवटा' म्हणून ओळखली गेली, तरी तिच्याकडे पाहण्याची दृष्टी किती कठोर होती, हे ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत जनरल जॉर्ज पॅटन यांनी रुग्णालयातील दोन सैनिकांना भित्रे ठरवून थपडा मारल्या, यावरून कळते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी अनेक वर्षे रेटा लावल्यानंतर १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत 'आघातोत्तर तणाव विकार', म्हणजे भीषण अनुभव संपून गेल्यावरही स्वप्नांतून, दचकण्यातून आणि सततच्या सावधपणातून तो पुन्हा पुन्हा भोगावा लागणे, या विकाराला स्वतंत्र स्थान दिले.

निदान मिळाले, पण उपचाराची अडचण तेवढ्याने सुटली नाही. या विकारावरचे प्रमुख उपचार बोलण्यावर आधारलेले आहेत : रुग्णाने घडलेली घटना आठवावी, सांगावी आणि तिचा अर्थ नव्याने लावावा, अशी त्यांची रीत असते. सैन्यात मात्र अशा बोलण्याची किंमत मोजावी लागते. बढती अडण्याची, शस्त्र काढून घेतले जाण्याची आणि सोबत्यांच्या नजरेतून उतरण्याची धास्ती सैनिकाला गप्प ठेवते. ॲक्युपंक्चर आणि सजगता-साधना या दोन आशियाई पद्धती अमेरिकी सैनिकी रुग्णालयांत शिरल्या, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या मौनात आहे. सुई टोचून घेण्यासाठी किंवा श्वासाकडे लक्ष देऊन बसण्यासाठी कोणालाही काहीच सांगावे लागत नाही.

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धत म्हणजे ॲक्युपंक्चर. ही पद्धत प्राचीन असली तरी तिचे आजचे रूप बऱ्याच अंशी एका सैन्यातच घडले, ही गोष्ट तिच्या सैनिकी वापराविषयी लिहिताना सहसा ध्यानात घेतली जात नाही. जपानी आक्रमणाच्या आणि नाकेबंदीच्या काळात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट सेनेपाशी औषधांचा आणि शस्त्रक्रियेच्या साधनांचा सतत तुटवडा असे. जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाने हीच परिस्थिती पाहिली. त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच मरण पावले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कम्युनिस्टांच्या येनान येथील तळावर झू लियान या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या महिला डॉक्टरने एका जुन्या वैद्याकडून सुया टोचण्याची विद्या घेतली, ती सैन्यातील आरोग्यसेवकांना शिकवली आणि १९५१ मध्ये आपल्या ग्रंथात तिची मांडणी मज्जासंस्थेच्या परिभाषेत केली. औषधांवाचून अडलेल्या सैन्याला स्वस्त, हलके आणि कोठेही नेता येण्याजोगे साधन हवे होते, आणि साठ वर्षांनंतर अमेरिकी सैन्याने ही पद्धत स्वीकारली तेव्हाही तिचे हेच गुण पुढे केले गेले. कोटणिसांचे पथकातील सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या आत्मसात केली आणि कोलकात्यात तिचा प्रसार केला. भारतातील ॲक्युपंक्चरची सुरुवात त्यांच्यापासून मानली जाते.

अमेरिकेत ही पद्धत पोचली ती दोन अगदी वेगळ्या वाटांनी. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन यांची बीजिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या पोटदुखीवर सुयांनी उपचार करण्यात आले, त्याविषयीचा त्यांचा लेख गाजला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेल्यावर तर कुतूहलाला उधाण आले. दुसरी वाट गरीब वस्तीतून गेली. हाँगकाँगचे मज्जाशल्यविशारद एच. एल. वेन यांना १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत असे आढळले की, कानाला सुया टोचून सौम्य विद्युतप्रवाह दिलेल्या अफूच्या व्यसनी रुग्णांना व्यसन सुटतानाचा त्रास कमी होतो. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयात 'यंग लॉर्ड्स' या पोर्तोरिकन तरुणांच्या चळवळीच्या दबावामुळे १९७० मध्ये व्यसनमुक्ती केंद्र उघडले होते. तेथील कार्यकर्त्यांनी वेन यांची रीत उचलली, वीज वगळली, आणि त्यातून कानाच्या पाच बिंदूंची अशी सोपी पद्धत तयार झाली की ती अनेकांना एकाच खोलीत, एकमेकांशेजारी शांत बसवून देता येते. आज माजी सैनिकांच्या केंद्रांत गटाने बसून जे कर्णोपचार दिले जातात, त्यांची मांडणी याच केंद्रातून आली आहे. सरकारी यंत्रणेशी भांडून उभ्या राहिलेल्या केंद्राचे हे ऋण उघडपणे मान्य व्हायला हवे.

सैन्याची स्वतःची आवृत्ती अमेरिकी वायुसेनेतील डॉक्टर रिचर्ड नीमत्झाव यांनी २००१ मध्ये तयार केली. तिचा पाया चीनमध्ये कमी आणि फ्रान्समध्ये अधिक आहे, कारण लिआँ शहरातील डॉ. पॉल नोझिए यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या, बाह्य कर्णावर सबंध शरीराचा नकाशा उमटलेला असतो या कल्पनेवर ती उभी आहे. 'रणांगणातील ॲक्युपंक्चर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक कानाच्या पाच बिंदूंवर टाचणीच्या टोकाएवढ्या, काही दिवस तशाच रुतून राहणाऱ्या सुया क्रमाने बसवतात आणि दर टप्प्यावर रुग्णाला थोडे चालायला लावून वेदना उतरली का, हे पाहतात. ती मुख्यतः वेदनेसाठी होती; पण इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्यांत दुखणे, निद्रानाश आणि मानसिक ताण हे एकमेकांत गुंतलेले असत आणि त्यांवर दिल्या जाणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकांनी नवे व्यसन निर्माण केले होते. या संकटामुळेच सैन्याच्या वेदनाविषयक कृतिगटाने २०१० च्या अहवालात ॲक्युपंक्चरसारख्या औषधविरहित उपचारांची शिफारस केली.

सजगता-साधना, म्हणजे श्वास, शरीरातील संवेदना आणि मनात येणारे विचार यांच्याकडे निवाडा न करता क्षणोक्षणी लक्ष देण्याचा अभ्यास, हिचा उगम बौद्ध परंपरेतील सतिपट्ठान-साधनेत आहे. ब्रह्मदेशात गृहस्थांसाठी खुल्या झालेल्या या साधनेचा एक प्रवाह सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये मुंबईत आणला आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर रुजवला. बोधगयेत त्यांच्या शिबिरांत बसलेल्या अमेरिकी तरुणांनी मायदेशी मॅसॅच्युसेट्समध्ये साधनाकेंद्र उघडले. त्याच राज्यात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयात आठ आठवड्यांचा तणाव-निवारण वर्ग सुरू केला आणि साधनेला धार्मिक संदर्भांपासून वेगळे करून रुग्णालयात बसेल असे रूप दिले. कबात-झिन यांच्यावर प्रभाव असलेले व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह हे युद्धविरोधी होते, आणि ज्या अमेरिकी सैनिकांनी त्यांच्या देशात युद्ध केले त्यांच्यासाठी त्यांनी पुढे अमेरिकेत शिबिरे घेतली, ही घटना या सर्व इतिहासात सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. सैन्यात ही साधना पोचवणाऱ्यांत माजी सैनिकी अधिकारी एलिझाबेथ स्टॅनली अग्रणी होत्या; त्यांनी आणि मेंदूविज्ञ अमिशी झा यांनी इराकला निघालेल्या मरीन सैनिकांच्या एका लहान गटावर २००८ मध्ये प्रयोग केला, आणि त्यात नेमाने सराव करणाऱ्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम चालू असताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, ताणाच्या काळातही टिकून राहिल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध केले.

दोन्ही पद्धती एकत्र आल्या त्या कोणा एका सिद्धांतामुळे नव्हे. वॉल्टर रीड या सैनिकी रुग्णालयात योगनिद्रेवर आधारलेली ध्यानपद्धती सैनिकांवर वापरून पाहिली जात होती. टेक्सासमधील फोर्ट ब्लिस तळावर २००७ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात मानसोपचाराच्या जोडीला ध्यान, योग आणि ॲक्युपंक्चर ठेवले गेले. आणि २०१० मध्ये बेथेस्डा येथे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी उघडलेल्या राष्ट्रीय केंद्राच्या चार आठवड्यांच्या कार्यक्रमातही दोन्हींना जागा मिळाली. या जोडीला व्यवहारातले कारण आहे. सुया टोचल्यावर रुग्णाला अर्धा-पाऊण तास स्वस्थ पडून राहावे लागते आणि तो वेळ श्वासावर लक्ष ठेवण्याच्या अभ्यासाला सोयीचा असतो; शिवाय सततच्या सावधपणामुळे ज्याला डोळे मिटून बसणेच असह्य होते, त्याला सुयांनी मिळणारी विश्रांती साधनेच्या उंबरठ्यापर्यंत आणते.

पुराव्याचा विचार करताना मात्र उत्साहाला लगाम घालावा लागतो. वॉल्टर रीडमध्ये ५५ सैनिकांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड मिळालेल्यांची लक्षणे अधिक कमी झाली. पण तुलनेच्या गटाला खोट्या सुया दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे गुण सुईचा की लक्ष आणि विश्वास यांचा, हा प्रश्न तसाच राहिला. नेमक्या याच मुद्द्यावर वायुसेनेच्या निवृत्त कर्नल आणि डॉक्टर हॅरिएट हॉल यांनी रणांगणातील ॲक्युपंक्चरवर कडक टीका केली होती, आणि ती रास्त होती. २०१५ मध्ये मिनियापोलिस येथील ११६ माजी सैनिकांवरील चाचणीत सजगता-वर्गाने लक्षणांत माफक सुधारणा झाली, परंतु निदानच नाहीसे होण्याच्या प्रमाणात तुलनेच्या गटाशी फरक पडला नाही. खोट्या सुयांशी तुलना करणारी, ९३ माजी सैनिकांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने खऱ्या सुयांच्या बाजूने ठळक फरक दाखवला. एवढ्या लहान संख्येवरून मात्र अंतिम निवाडा करता येणार नाही.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे : करुणेसाठी घडवलेली साधना नेम अधिक स्थिर करण्यासाठी शिकवावी काय? लढाईला निघालेल्यांसाठीच्या वर्गांबाबत हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. परतलेल्या जखमी माणसाबाबत तो लागू पडत नाही, कारण रात्रीची झोप मिळवण्याचा त्याचा हक्क त्याने कोणत्या युद्धात भाग घेतला यावर अवलंबून नाही.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१७ पासून ॲक्युपंक्चर आणि ध्यान या दोन्हींचा आपल्या आरोग्यसेवेत समावेश केला आहे. संरक्षण खाते आणि माजी सैनिक खाते यांच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शिकेत आघातोत्तर तणाव विकारासाठी पहिली पसंती संवादाधारित मानसोपचारांनाच आहे, सजगता-वर्गाची शिफारस सौम्य शब्दांत आहे, आणि ॲक्युपंक्चरसाठी पुरावा अपुरा ठरवला आहे.