मोटारगाडीचा रंगलेप व हिवाळी धुलाई
थंड प्रदेशांत मोटारगाडीच्या रंगलेपाची खरी कसोटी हिवाळ्यात लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी घोडागाड्यांप्रमाणेच मोटारींवरही व्हार्निशाचे अनेक थर कुंच्याने देत. ते वाळण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांवर ‘ड्यूको’ हे सेल्युलोज नायट्रेटयुक्त, त्वरित वाळणारे रोगण वापरले व रंगकामाचा कालावधी पुष्कळच घटला.

पुढे रंगलेपाला नवा धोका रस्त्यावरच निर्माण झाला. १९४१–४२ च्या हिवाळ्यात न्यू हँपशर या अमेरिकी राज्याने बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर सरसकट मीठ टाकण्याचे धोरण स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो व गाड्या घसरण्याचे प्रमाण कमी होते. परंतु तेच खारे पाणी लेपातील ओरखड्यांतून पोलादापर्यंत पोहोचून गंज वाढविते. प्रवाशांच्या सुरक्षिततेचे मोल अशा रीतीने गाडीच्या पत्र्याला द्यावे लागले. यावर उपाय म्हणून विद्युत् निक्षेपित आधारलेप, जस्तविलेपित पत्रे आणि १९८० नंतर पारदर्शक बाह्यलेप प्रचारात आले.

बाह्यलेपावरही कोरडे फडके फिरविल्यास वाळूचे व मिठाचे कण घासले जाऊन ओरखडे पडतात. म्हणून तापमान ०° से. पेक्षा अधिक असताना प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने तळ व चाकांवरील कमानी धुऊन घाण सैल करतात. मग सौम्य साबणाच्या पाण्याने वरून खाली धुतात व मऊ कापडाने टिपून घेतात. दारांच्या रबरी पट्ट्या कोरड्या करणे आवश्यक असते, अन्यथा त्या गोठून चिकटतात.