शेअरइटने फोटो लॅपटॉपवर घेतले*

* कथेचा काळ २०२० पूर्वीचा. लेनोवो कंपनीत जन्मलेले शेअरइट तेव्हा भारतात सर्रास वापरले जाई. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत हेही होते.

शेअरइट येण्याआधी सगळी भिस्त ब्लूटूथवर. त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट, त्यामुळे एक जीबीचा सिनेमा पाठवायला तासभर लागे. शेअरइटसारख्या ॲपमध्ये फोन स्वतःच वायफाय हॉटस्पॉट होई, संगणक त्याला थेट जोडला जाई आणि फाइल इंटरनेटवर न जाता पोहोचे. डेटा पॅक पुरवून वापरणाऱ्यांना ही मोठीच सोय होती. नायिकेची लगबग त्यातूनच समजते.

बंदीनंतर पर्याय आले. गूगलची ‘निअरबाय शेअर’ ही सोय २०२३ मध्ये विंडोजवर आली. पुढच्याच वर्षी तिचे नाव ‘क्विक शेअर’ झाले. आयफोन आणि मॅक यांच्यात एअरड्रॉप २०१४ पासूनच चालते. कंपन्यांची ही कुंपणे ओलांडायची तर लोकलसेंड हे मोफत, मुक्तस्रोत ॲप सर्वांत उत्तम: दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असली की पुरे.

गर्दीच्या ठिकाणी मात्र अशा सोयींमधला ‘सर्वांकडून स्वीकारा’ हा पर्याय वाचकांनी बंद ठेवावा. — संपा.