‘खंय धरल्यान?’

मालवणच्या किनाऱ्यावर एखादे मूल एकाएकी ताठ होऊन, डोळे पांढरे करून, तोंडाला फेस आणून कोसळले, की कांदा फोडून नाकाशी धरणे, तो हाताशी नसल्यास वहाण हुंगवणे आणि मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबणे हे उपचार आटोपेपर्यंत फेफरे बहुधा आपणहून ओसरलेले असे (यश मात्र कांद्याच्या खाती जमा होई). आणि मग घरची वडील मंडळी जो प्रश्न काढीत, तो ‘काय झाले’ हा नसून ‘खंय धरल्यान?’, म्हणजे बाधेने कोठे धरले, हा असे. तिन्हीसांजेस मूल कोणत्या व्हाळाकाठी गेले, कोणत्या शिवेवर अडखळले, याची जबानी होई; देवळात घाडी गाऱ्हाणे घाली, पाषाणावर लावलेला तांदूळ उजवीकडचा पडतो की डावीकडचा यावरून कौल होई, आणि बाधा घरची की बाहेरची याचा निवाडा लागे.

सुश्रुताने बालकांना पीडणाऱ्या नऊ ग्रहांत स्कंदापस्मार गणला, चरकाने अपस्माराची, म्हणजे याच फेफऱ्याची, कारणे दोषांत शोधली. पण माणसाच्या मेंदूची स्वतःची जबानी, म्हणजे त्याच्या विद्युत्तरंगांचा आलेख, प्रथम नोंदली ती जर्मनीतील येना येथे हान्स बर्गरने, १९२४ साली. १९३५ साली बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांना, क्षणभर टक लावून हरवणाऱ्या मुलांच्या आलेखात सेकंदाला तीन अशा गतीचे तरंग आढळले. असल्या मुलांना ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून छड्या मारणारे मास्तर कोणत्या मुलखात नव्हते?

१ मे १९८१ पर्यंत मालवणचा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, आणि मोठ्या तपासासाठी मुंबई गाठावी लागे. पुढे गोव्यातील बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता जवळचा ठरला, आणि ‘बांबोळीक न्हेल्यानी’ एवढ्यावरून शेजाऱ्यांना दुखण्याची मजल कळू लागली. मुलगी असल्यास पुष्कळ घरे मुकाट्यानेच जात. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात विवाहास बाधक म्हणून शिरलेला ‘अपस्मार’ १९९९ मध्ये वगळला गेला, तरी सोयरिकीच्या बैठकीतून तो वगळला गेला असे म्हणवत नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या काही मुलांच्या मेंदूत जन्मापूर्वीच एखादी वळी वेडीवाकडी घडलेली असते. हे व्यंग टेलर आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वर्णिले; पण एमआरआयच्या चित्रात करड्या आणि पांढऱ्या भागांची हद्द किंचित पुसट दिसावी, एवढीच पुष्कळदा त्याची खूण असल्याने तज्ज्ञांची नजरही तेथून घसरते. लंडनच्या संशोधकांनी २३ केंद्रांतील १,१८५ जणांच्या चित्रांवर घडवलेल्या कृत्रिम बुद्धीच्या प्रणालीने, तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्यांपैकी ६४ टक्के व्यंगे हुडकली, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हाही एक कौलच. मात्र याची उलटतपासणी होते, कारण शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि व्यंग तेथे असते किंवा नसते.

तथापि पहिली जबानी अद्याप आईचीच. पडवीत पडलेल्या लेकराचे मोबाइलवर टिपलेले चित्रण ती पुढे करते, आणि सुरुवात कोठून होते असे विचारताच म्हणते, ‘आधी डावो हात वाकडो जाता.’ डॉक्टर मग मेंदूची उजवी बाजू निरखू लागतात, जी एमआरआयच्या चित्रात पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला छापलेली असते.