पेंडीत उरलेल्या तेलाचा पाठलाग

तेलाचा इतिहास लिहिणारे घाण्यापाशी थांबतात. मला पेंडीची ओढ अधिक. चांगल्या घाण्यातून निघालेल्या पेंडीतही शेकडा दहाच्या आसपास तेल राहतेच. विदर्भात सरकीची ढेप जनावरांना घालताना ते वाया गेले असे कुणी मानत नसे. गिरणीमालक मात्र मानत होता.

१८५५च्या सुमारास फ्रान्समधल्या दैस याने ऑलिव्हच्या चोथ्यातले तेल कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून काढले. हा द्रव ४६ अंशांना उकळतो, वाफेच्या तापलेल्या नळीनेही पेट घेऊ शकतो आणि श्वासातून गेला तर माणसाचे डोके फिरवतो. मग आली पेट्रोलियमची हलकी अंगे, आणि विसाव्या शतकात त्यांतले हेक्झेन टिकले. ते ६९ अंशांना उकळते, थोड्या उष्णतेत तेलापासून सुटते, आणि पेंडीत जेमतेम एक टक्का तेल मागे ठेवते.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ बैलघाणा सुधारत होता, त्याच काळात, १९३५च्या ऑक्टोबरात, शिकागोतल्या ग्लिडन कंपनीच्या सोयाबीन कारखान्यात द्रावकाच्या वाफेचा स्फोट होऊन ११ माणसे गेली. १९८१च्या १३ फेब्रुवारीला लुइव्हिल शहरात तेलगिरणीतले हेक्झेन गटारात उतरले आणि रस्तेच्या रस्ते उखडले. कुणी दगावले नाही, हे नशीबच म्हणायचे. सावकाश होणारी इजा वेगळी. हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनते आणि हातापायांच्या नसा बधिर होत जातात. स्फोटाची बातमी होते, बधिर बोटांची होत नाही.

पर्याय शोधले गेले नाहीत असे नाही. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत बेकेल आणि सहकाऱ्यांनी १९४८मध्ये गरम अल्कोहोल वापरले. ते थंड केले की तेल आपोआप वेगळे होते, ऊर्ध्वपातन नको! पण अल्कोहोल बियांतले पाणी ओढून घेते आणि मग त्याची तेल विरघळवण्याची ताकद घटते. शिवाय पेंडीत मुरलेले अल्कोहोल उडवायला हेक्झेनच्या अडीचपट उष्णता लागते. द्रावक शेतातला असला, तरी भट्टी कोळशाची असेल तर हिरवेपणाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड स्वच्छ खरा, पण शेकडो वातावरणांचा दाब सोसणारी भांडी मसाल्याच्या अर्काला परवडतात, सोयाबीनला नाही.

सध्या माझे लक्ष २-मिथाइलऑक्सोलेनवर आहे. युरोपीय संघाने २०२३मध्ये त्याला खाद्यतेलासाठी परवानगी दिली. ते ८० अंशांना उकळते, म्हणजे इंधन हेक्झेनपेक्षा थोडे जास्तच, ज्वालाग्राहीही आहेच. वेगळे आहे ते त्याचे मूळ. ते फरफ्युरलपासून बनते, आणि फरफ्युरल मक्याच्या बुरकुंडांपासून, ओटच्या टरफलांपासून किंवा उसाच्या चिपाडापासून. क्वेकर ओट्सने १९२२मध्ये टरफलांपासून त्याचे कारखानी उत्पादन सुरू केले होते. आपल्याकडे चिपाडाला मागणी आधीच आहे: साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळतात, वीज करतात आणि विकतात. फरफ्युरलवाल्याला त्या विजेच्या भावाशी झुंजावे लागेल.