सभेच्या शोधात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडत असता उत्तन परिसरातील एक भगिनी वाट अडवून उभ्या राहिल्या. "फादर, ते एकदाचे तयार झालेत. पण न्यायचं कुठं?" पती मच्छीमार, दारूने घर पोखरलेले. आम्ही तत्परतेने सर्वांत जवळच्या सभेचा वार आणि वेळ सांगितली. गृहस्थ गेले; परंतु पायरीवरच एक व्याही भेटले, तसे ते चप्पल न काढताच माघारी फिरले. पुढे वर्षभर त्यांनी सभेचे नाव काढले नाही. दोष आमचा होता. जवळची ती योग्य, असे आम्ही धरून चाललो होतो.

सेमिनरीत आम्ही मद्यपानाचा विचार नीतिशास्त्राच्या तासाला केला: अतिरेक हे पाप, आणि त्यावर उपाय इच्छाशक्तीचा. ख्रिस्तसभेचा जुना मार्गही तोच, शपथेचा. आयर्लंडमधील कॉर्क शहरी कापुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला आणि पुढे लाखो लोकांनी ती घेतली. शपथ घेताना भोवती जमाव असे. ती मोडण्याचा मोह होई, त्या रात्री मात्र माणूस एकटाच असे.

नेमक्या त्या रात्रीचा विचार १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरी झाला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील बिल विल्सन कामानिमित्त तेथे आले होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, हाती घेतलेले काम फसलेले, आणि हॉटेलच्या दालनालगत मद्यगृह. विल्सन यांनी तिकडे न जाता चर्चच्या यादीतून एका पाळकांना फोन केला. मागणी विचित्र होती: आपल्याला बोलण्यासाठी एखादा मद्यपी हवा आहे! त्या फोनमधून डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून अधिक बसले. त्यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी. तोच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा, म्हणजे ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो. पहिली सभा ही अशी दोघांची. पाळकांचे काम एवढेच, की त्यांनी फोन घेतला आणि पुढची नावे सांगितली. आमच्यासारख्यांनी हे विसरू नये.

१९४० च्या अखेरीस सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग हे विल्सन यांना भेटण्यास गेले. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत त्यांना संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले होते. विल्सन यांना तिची माहितीही नव्हती. पाचव्या पायरीत आपले दोष दुसऱ्या माणसापुढे कबूल करावयाचे असतात. आपल्या लोकांना ते पापनिवेदनासारखे वाटते. ते संस्कार नव्हे, आणि संस्काराची जागाही घेत नाही.

मुंबईत ए.ए. १९५७ साली आली, तीही दारूबंदीच्या ऐन भरात. १९४९ च्या कायद्यानंतर एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती. कोरड्या ठरवलेल्या शहरात मद्यपी कोठून आले, असा प्रश्न ज्यांना पडेल, त्यांनी 'आंटीचा अड्डा' हा शब्दप्रयोग आठवावा. त्या आंट्यांत आपल्या समाजाच्या स्त्रियाही होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. कायदा बाटली फोडू शकत होता. सोबत देणे त्याच्या हाती नव्हते.

१९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जोसेफ परेरा यांनी कृपा फाउंडेशनचे कार्य आरंभिले. बारा पायऱ्यांना त्यांनी बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईतही कृपाचे केंद्र उभे राहिले. पण केंद्रातील मुक्काम संपतो, आणि मग घराजवळची सभाच उरते. तेथे शुल्क नाही, आडनाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेला घरचे माणूसही बसू शकते, बंद सभेला फक्त व्यसनी.

मीरा-भाईंदर १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाले, तरी मीरा रोडच्या इमारती आणि उत्तन-डोंगरीची कोळीवस्ती यांचे दिवस सारखे चालत नाहीत. नोकरदाराला रात्रीची सभा सोयीची. उत्तनच्या माणसाची मात्र भाईंदरहून परतीची बस चुकते. बोट समुद्रात असली की आठवड्याचा वार हुकतो. इंग्रजी सभेत कित्येकांचे तोंडच उघडत नाही.

त्या भगिनी पुन्हा आल्या त्या पावसाळी मासेमारीबंदीच्या तोंडावर. या खेपेस आम्ही आधी विचारले: कोणत्या भाषेत बोलतील, बोट कधी सुटते, आणि कोण भेटू नये असे वाटते? हातपाय मोकळे असण्याचे, म्हणूनच पिण्याचेही, ते दिवस. गृहस्थांनी बस आणि लोकल बदलीत चार ठिकाणे पाहिली. एके ठिकाणी फारच भाषणे, दुसरीकडे सगळे तरुण. अखेर ओळखीचे कोणीच नसलेल्या एका हिंदी सभेत ते टिकले. पत्नी व्यसनींच्या कुटुंबीयांच्या 'अल-ॲनॉन' सभेला जाऊ लागल्या. ही संघटना १९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

बंदी उठली, बोट पाण्यात गेली आणि लांबची सभा जमेना. तेव्हा ते आपण होऊन गावाजवळच्या त्या पहिल्या सभेत गेले. व्याही तेथेच होते. त्यांनी चहा पुढे केला, एवढेच आम्हाला कळले. पुढचे आम्ही विचारले नाही.